आठ महिन्यांचे कोल्हापूरकर

गणपती विसर्जन होऊन काही दिवस झाले आणि पंचगंगेचे पाणी घाटाच्या पायऱ्यांवरून खाली सरकू लागले, की काठावरच्या ओल्या दगडांवर एक सडपातळ पक्षी शेपटी वरखाली हलवत चालताना दिसतो. त्याची पाठ राखी असते, पोटाकडून शेपटीच्या बुडापर्यंत पिवळा रंग असतो आणि शेपटी अंगाच्या मानाने बरीच लांब असते. हा करडा धोबी. हिमालयात किंवा त्याच्याही पलीकडे आशियातल्या डोंगरी ओढ्यांच्या काठी पिल्ले वाढवून तो येथे आलेला असतो आणि एप्रिलपर्यंत येथेच राहतो. वर्षातले जवळजवळ आठ महिने तो आपल्याकडे काढतो, आणि तरीही आपण त्याला ‘हिवाळी पाहुणा’ म्हणतो. हा शब्द मला पटत नाही. बाळंतपणासाठी चार महिने माहेरी जाऊन परत आलेल्या सुनेला कोणी पाहुणी म्हणत नाही. शरद ऋतूतील स्थलांतराकडे आपल्या माणसांचे घरी परतणे म्हणून पाहिले, तर त्यातल्या बऱ्याच गोष्टी सोप्या होतात.

उत्तरेकडे थंडी पडते म्हणून पक्षी दक्षिणेला येतात, असे आपण शाळेत शिकलेले असतो. ते अर्धेच खरे आहे. पिसांचा बाहेरचा थर आणि त्याखालची मऊ लव मिळून पक्ष्याचे अंग उत्तम उबदार राखतात. कडाक्याच्या थंडीत तग धरणारे अगदी लहान पक्षीही जगात आहेत. पक्ष्यांना हलवते ती अन्नाची टंचाई. सायबेरिया, मंगोलिया, कझाकस्तान या प्रदेशांत हिवाळ्याच्या तोंडाशी जमीन आणि तळी गोठतात, आणि चिखलात चोच खुपसून किडे काढणाऱ्या तुतारी या पक्ष्याला गोठलेल्या चिखलाचा काही उपयोग नसतो. हवेतल्या हवेत किडे टिपणाऱ्या माळभिंगरीला तर टिपायला किडेच उरत नाहीत.

पण मग उलटा प्रश्न विचारायला हवा, आणि माझ्या मते तोच अधिक महत्त्वाचा आहे. आपल्याकडे बारा महिने पाणी, किडे आणि बी मिळत असताना हे पक्षी येथून उत्तरेला जातात तरी कशासाठी? याचे बरेचसे उत्तर दिवसाच्या लांबीत आहे. कोल्हापुरात जूनमधला सर्वांत मोठा दिवस सुमारे १३ तासांचा, तर डिसेंबरमधला सर्वांत लहान दिवस सुमारे ११ तासांचा असतो. ६० अंश उत्तर अक्षांशावर मात्र जूनमधला दिवस जवळजवळ १९ तासांचा असतो आणि डिसेंबरमध्ये तो ६ तासांच्या आत येतो. चार-पाच पिल्लांच्या चोचीत दिवसभर किडे भरवायचे असतील, तर १९ तासांचा उजेड ही फार मोठी सोय आहे. बर्फ वितळताच तिकडे कीटकांची झुंबड उडते आणि घरट्यासाठी मोकळी जागाही भरपूर असते. ही सुबत्ता दोन-तीन महिनेच टिकते. ती ओसरू लागली, की पिल्लांसह सर्वांना तेथून निघावे लागते.

निघण्याची वेळ पक्ष्यांना कशी कळते, हा पुढचा प्रश्न. अन्न संपेपर्यंत ते थांबत नाहीत, कारण तेव्हा प्रवासाची शिदोरी बांधायलाही काही उरणार नाही. त्यांच्या शरीरात वर्षाचे एक घड्याळ असते आणि दिवस किती लांबला किंवा आखडला यावरून ते दरवर्षी जुळवून घेतले जाते. दिवस लहान होऊ लागले, की मेंदूकडून संप्रेरकांचे इशारे सुटतात, भूक प्रचंड वाढते आणि खाल्लेले अन्न चरबीच्या रूपाने साठू लागते. प्रवासासाठी चरबीच का, याचे कारण साधे आहे: एक ग्रॅम चरबीतून एक ग्रॅम पिष्टापेक्षा दुपटीहून अधिक ऊर्जा मिळते आणि ती जळताना पाणीही तयार होते. याच काळात पिंजऱ्यात ठेवलेले स्थलांतरी पक्षी रात्री झोपत नाहीत; ज्या दिशेला जायचे त्या दिशेकडे ते सारखे उड्या मारत राहतात. वर्षभर एकसारख्या उजेडात ठेवलेल्या पक्ष्यांमध्येही ही अस्वस्थता ठरावीक काळाने येते, एवढे ते घड्याळ आतले आहे. आपल्याकडे दिवसाच्या लांबीत जेमतेम दोन तासांचा फरक पडत असताना, मार्च-एप्रिलमध्ये पक्ष्यांना परत निघण्याची आठवण कशी होते, याचेही उत्तर बऱ्याच अंशी याच घड्याळात आहे.

या शिदोरीवर केवढा जीव प्रवास करतो, हे समजण्यासाठी दहा रुपयांचे एक नाणे तळहातावर घ्यावे. त्याचे वजन पावणेआठ ग्रॅमच्या आसपास असते. हिरवट पर्ण वटवट्या नावाचा छोटा पक्षी साधारण तेवढ्याच वजनाचा असतो. हिमालय आणि त्याच्या उत्तरेकडच्या जंगलांतून निघून तो सह्याद्रीपर्यंत येतो आणि ऑक्टोबरमध्ये तुमच्या अंगणातल्या आंब्यावर किंवा शेवग्यावर बसून ‘टिस्-विट्’ असा दोन तुकड्यांचा आवाज काढतो. दिसायला तो इतका साधा, की बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. कानाला मात्र एकदा ओळख पटली, की शहरातल्या कितीतरी झाडांवर तो असल्याचे ध्यानात येते.

असे छोटे पक्षी बहुधा रात्री उडतात. रात्री हवा गार आणि स्थिर असते, शिकारी पक्षी मागे लागण्याची भीती कमी असते आणि दिवस खाण्यासाठी मोकळा राहतो. गरुड आणि त्याच्यासारखे रुंद पंखांचे पक्षी मात्र दिवसाच निघतात, कारण उन्हाने तापून वर चढणाऱ्या हवेच्या झोतावर पंख न हलवता उंची गाठायची आणि मग पुढे तरंगत जायचे, ही त्यांची पद्धत आहे. ऑक्टोबरमधल्या उकाड्याला आपण कंटाळतो. पन्हाळ्याच्या कड्यावर उभे राहून अकराच्या सुमारास आकाशाकडे पाहिले, तर तीच तापलेली हवा शिकारी पक्ष्यांना वर वर नेताना दिसू शकते.

वाट कशी सापडते, हा या विषयातला सर्वांत अवघड आणि मला सर्वांत प्रिय असलेला भाग आहे. त्यासाठी चातकाचे उदाहरण घ्यावे. पावसाच्या आधी आफ्रिकेतून समुद्र ओलांडून येणारा चातक स्वतः घरटे बांधत नाही. तो सातभाईंच्या घरट्यात अंडे घालतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास निघून जातो. त्याचे पिल्लू सातभाई वाढवतात, आणि सातभाई हा पक्षी आयुष्यात कधीही आपला परिसर सोडून लांब जात नाही. म्हणजे बांधावरच्या झुडपात वाढलेल्या त्या पिल्लाला आईबापांनी वाट दाखवलेली नसते आणि पालकांना ती ठाऊकच नसते. तरीही ते पिल्लू पंखांत बळ येताच योग्य दिशेला निघते. याचा अर्थ, कोणत्या दिशेने आणि साधारण किती काळ उडायचे, ही माहिती ते जन्मतःच घेऊन येते.

मात्र उपजत दिशा म्हणजे संपूर्ण नकाशा नव्हे, हे १९५०च्या दशकात नेदरलँड्समध्ये झालेल्या एका प्रयोगाने दाखवून दिले. तेथून जाणाऱ्या हजारो युरोपीय मैना पकडून, त्यांच्या पायांत ओळखीची कडी चढवून, स्वित्झर्लंडमध्ये नेऊन सोडण्यात आले. आधी एकदा प्रवास केलेल्या प्रौढ मैनांनी चूक ओळखली आणि दिशा बदलून आपल्या नेहमीच्या हिवाळी प्रदेशाकडे मोर्चा वळवला. पहिल्यांदाच निघालेल्या तरुण मैना मात्र उपजत दिशेनेच उडत राहिल्या आणि फ्रान्सच्या दक्षिणेला व स्पेनमध्ये जाऊन पोहोचल्या. थोडक्यात, दिशा रक्तात असते, पण पत्ता प्रवासातून शिकावा लागतो.

ती दिशा धरून ठेवण्यासाठी पक्षी एकाहून अधिक साधने वापरतात. दिवसा सूर्य असतोच. रात्री उडणारे पक्षी ज्या बिंदूभोवती सारे आकाश फिरते तो बिंदू लहानपणी हेरून ठेवतात, हे तारांगणात पक्षी ठेवून केलेल्या प्रयोगांतून कळले आहे. आपण ज्याला ध्रुवाचे स्थान म्हणतो, तोच हा बिंदू. ढगाळ रात्री पृथ्वीचे चुंबकत्व कामी येते. पक्ष्यांच्या डोळ्यांतल्या क्रिप्टोक्रोम नावाच्या प्रथिनाचा ते जाणण्यात वाटा असावा, असे शास्त्रज्ञ मानतात. नद्या, डोंगररांगा आणि काही पक्ष्यांच्या बाबतीत वासही मदतीला येतो. या सगळ्या यंत्रणेला शहरातले प्रखर दिवे गोंधळात टाकतात, आणि म्हणून इमारतींवर रात्रभर जळणाऱ्या शोभेच्या झोतदिव्यांना माझा विरोध आहे.

आता कोल्हापूरच्या नकाशाकडे येऊ. सायबेरियापासून हिंदी महासागरापर्यंत पसरलेल्या आणि सुमारे ३० देशांवरून जाणाऱ्या मार्गांच्या पट्ट्याला मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात आणि भारत त्याच्या ऐन मध्यावर आहे. हा काही आखलेला रस्ता नव्हे. अनेक जातींच्या वाटा ज्या रुंद पट्ट्यात येतात, त्याला सोयीसाठी दिलेले हे नाव आहे. या पट्ट्यात कोल्हापूरचे वैशिष्ट्य म्हणजे थोड्या अंतरात बदलणारा निसर्ग. पश्चिमेला गगनबावड्यात वर्षाला सुमारे ५००० मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेला शिरोळकडे त्याच्या दहाव्या हिश्श्याइतका. त्यामुळे दाट जंगलात राहणाऱ्या पक्ष्याला राधानगरीची झाडी मिळते, पाणपक्ष्याला तलाव आणि नदीकाठ मिळतो, माळावरच्या पक्ष्याला पूर्वेचे उघडे रान मिळते, आणि हे सारे एकाच जिल्ह्यात. हिमालयात घरटे करणारा निळ्या टोपीचा कस्तूर हिवाळा काढायला सह्याद्रीच्या झाडीत येतो, आणि थिरथिरा हा सतत शेपटी थरथरवणारा पक्षी उघड्या माळावर, पडक्या भिंतींवर किंवा गावाकडच्या गोठ्याच्या छपरावर बसलेला दिसतो.

स्थलांतर एका दिवसात होत नाही, हे येथे ध्यानात ठेवावे. तुतारीच्या जातीचे पक्षी जुलैअखेर, भर पावसातच येऊ लागतात. त्यांच्यात बहुधा प्रौढ पक्षी आधी निघतात आणि त्याच वर्षी जन्मलेली पिल्ले नंतर, आपली आपण येतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भोरड्या येतात. काळे डोके, काळे पंख आणि गुलाबी अंग असलेल्या या मैना पूर्व युरोप आणि मध्य आशियातील गवताळ प्रदेशांत घरटी करतात. तिकडे त्या टोळांवर ताव मारतात, आणि इकडे ज्वारीच्या कणसांवर बसल्या म्हणून शेतकऱ्यांच्या शिव्या खातात. नुकत्याच आलेल्या तरुण भोरड्या मात्र मळकट तपकिरी असतात आणि त्या ओळखणे नवख्याला जमत नाही. संध्याकाळी मुक्कामाच्या झाडाकडे वळण्यापूर्वी भोरड्यांचे मोठे थवे आकाशात एखादी चादर झटकावी तसे वळतात, पसरतात, पुन्हा गोळा होतात, आणि ते पाहण्यासाठी दुर्बिणीचीही गरज लागत नाही.

ऑक्टोबर हा अदलाबदलीचा महिना आहे. एकीकडे चातक निघून जात असतो. नवरंग हा जंगलात पावसाळी घरटे करणारा पक्षी रात्री प्रवास करत दक्षिणेकडे निघालेला असतो. याच सुमारास परतीचा पाऊस संपून वारे ईशान्येकडून वाहू लागतात आणि दक्षिणेकडे वा पश्चिमेकडे जाणाऱ्यांना पाठीवर वारा मिळतो. या वाऱ्याचा सर्वांत मोठा फायदा अमूर ससाणा घेतो. ईशान्य आशियातून निघालेले हे छोटे ससाणे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नागालँड आणि आसपासच्या भागात प्रचंड संख्येने थांबतात, मग भारत ओलांडून थेट अरबी समुद्रावरून आफ्रिकेकडे जातात. २०१३ साली नागालँडमध्ये तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी यंत्रे बसवली गेली आणि हा प्रवास प्रत्यक्ष नकाशावर उमटला. समुद्र ओलांडताना वाटेत बसायला जागा नसते, म्हणून त्याआधी ते चतुर आणि उडणारी वाळवी खाऊन घेतात. महाराष्ट्रावरून ते जातात, पण फार थोडे दिवस, आणि म्हणून नोव्हेंबरमध्ये तारेवर बसलेला प्रत्येक छोटा ससाणा नीट पाहावा.

बदके सर्वांत शेवटी येतात, आणि पुष्कळ लोक ऑक्टोबरमध्येच रंकाळ्यावर जाऊन ‘यंदा पक्षी आलेच नाहीत’ असे म्हणत परततात. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पावसाळा संपताना आपले तलाव काठोकाठ भरलेले असतात. चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांना बोटभर पाण्याचा उथळ काठ लागतो, आणि डुबकी न मारता नुसती मान बुडवून खाणाऱ्या बदकांनाही चोच तळापर्यंत पोहोचेल इतकेच पाणी सोयीचे असते. पाणी उतरू लागले, की हा काठ उघडा पडतो आणि पक्षी वाढतात. तोवर त्यांना शोधायचे असेल, तर बांधीव काठ सोडून कळंब्याला जेथे पाणी तलावात शिरते त्या बाजूला जावे, नदीचा पूर ओसरून गाळ साचलेल्या जागा पाहाव्यात, किंवा उसाला पाणी पाजणे चालू असलेल्या शेताच्या बांधावर थोडा वेळ थांबावे. पाटाच्या पाण्याबरोबर किडे वर येतात आणि गायबगळ्यांच्या मागोमाग पिवळे धोबी तेथे हजर होतात. शिवाजी विद्यापीठाच्या परिसरातले गवताळ रान आणि जवळचा राजाराम तलाव यांच्यावर भोवत्या हा शिकारी पक्षी गवताच्या शेंड्यांना जवळजवळ घासत उडताना दिसण्याची शक्यता असते.

नव्याने पाहणाऱ्याची या ऋतूत आणखी एक अडचण होते. पुस्तकातला नर बदक रंगीत असतो आणि समोरचा प्रत्येक पक्षी तपकिरी दिसतो. वीण संपल्यावर बदके उडण्याची सगळी पिसे एकदम टाकतात, काही आठवडे त्यांना उडताच येत नाही, आणि त्या धोक्याच्या काळात नरही मादीसारखा मळकट वेष धारण करतो. तो वेष शरदात पुरता उतरलेला नसतो. अशा वेळी रंग सोडून आकार पाहावा: चमच्यासारखी रुंद चोच असेल तर थापट्या, लांब मान आणि टोकदार शेपटी असेल तर तलवार बदक, डोळ्यावर ठळक पट्टा आणि चण लहान असेल तर भुवई बदक. तुताऱ्यांच्या बाबतीत पाय आणि उड्डाण पाहावे. ठिपकेवाल्या तुतारीचे पाय पिवळसर असतात, हिरवी तुतारी उडताच तिचे पांढरेशुभ्र ढुंगण काळपट पंखांमध्ये चमकते, आणि सामान्य तुतारीच्या खांद्यापुढे पांढरी पाचर घुसल्यासारखी दिसते.

साधनांविषयी थोडेच सांगतो. ८×४२ असे लिहिलेली दुर्बीण पुरेशी होते. यात आठ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते आणि बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलीमीटरमध्ये, ज्यावर आत किती उजेड येणार हे ठरते. सूर्य पाठीशी ठेवावा. रंकाळ्यावर सकाळी चौपाटीच्या बाजूला उभे राहून पश्चिमेकडे पाहिले, तर पक्ष्यांवर समोरून ऊन पडते आणि रंग दिसतात. तेच संध्याकाळी तेथून पाहिले, तर सगळे पक्षी काळ्या सावल्या होतात. थवा उडवून छायाचित्र घेण्याचा मोह टाळावा. हजारो किलोमीटर येऊन उरलेली चरबी आपल्या एका छायाचित्रासाठी जाळायला लावणे हा अन्याय आहे, आणि मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर काढणे हाही तसाच.

प्रवासात थकलेला नवरंग किंवा एखादा दुसरा पक्षी रात्री दिव्याच्या उजेडाने गोंधळून घराच्या काचेवर आपटतो आणि गॅलरीत बसून राहतो. त्याला हातात घेऊन पाणी पाजू नये, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते. भोके पाडलेल्या खोक्यात मऊ कापड घालून त्यात त्याला अंधारात, शांत जागी आणि मांजरापासून दूर ठेवावे. पुष्कळदा तासा-दोन तासांत त्याला तरतरी येते आणि मग खोके झाडाजवळ नेऊन उघडावे. जखम दिसत असेल, तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

शेवटी वहीबद्दल सांगायचे आहे, कारण मी हा सारा लेख तिच्यासाठीच लिहिला आहे. दुर्मीळ पक्षी शोधत जिल्हाभर फिरण्यापेक्षा घराजवळचे एकच पाणी निवडावे, आठवड्यातून एकदा साधारण त्याच वेळी तेथे जावे, आणि तारीख, वेळ, पक्षी व अंदाजे संख्या लिहावी. हीच नोंद ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकली, तर ती अभ्यासकांच्याही हाती पडते. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो, ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा आणि १२ नोव्हेंबर हा सलीम अलींचा जन्मदिवस म्हणून. सुरुवात करायला ते दिवस चांगले आहेत, पण तोपर्यंत करडा धोबी येऊन दोन महिने झालेले असतात, म्हणून गणपतीपासूनच वही उघडणे अधिक बरे. पहिल्या दर्शनाची तारीख लिहिणे सोपे असते, कारण तो आनंद आपोआप लक्षात राहतो. शेवटच्या दर्शनाची तारीख मिळवणे कठीण असते, कारण ज्या दिवशी तो पक्षी दिसतो त्या दिवशी, हे या मोसमातले शेवटचे दर्शन आहे, हे आपल्याला माहीत नसते. ती तारीख केवळ नियमित नोंदीतून मागाहून कळते. त्यासाठी एप्रिल-मेच्या उन्हातही त्याच काठावर जावे लागते, आणि दगड मोकळा दिसला, तर वहीत तारखेपुढे ‘करडा धोबी: दिसला नाही’ असे लिहावे लागते.